शेवटचा सेकंद कोणाचा?

हातकणंगले तालुक्यातल्या कुठल्याही गावात यात्रेच्या रात्री कबड्डीचे सामने बघायला उभं राहावं. पाणी मारून माती दाबून बसवलेली असते, फक्कीनं रेषा आखलेल्या असतात, कोपऱ्यांत हॅलोजनचे दिवे लावलेले असतात आणि माईकवरच्या माणसाचा आवाज शेजारच्या गावापर्यंत पोचत असतो. शेवटची दोन मिनिटं उरली आणि दोन्ही संघांत एकाच गुणाचं अंतर असलं की बसलेली माणसं आपोआप उठून उभी राहतात. चढाईला गेलेल्या पोराला तिघांनी दाबून धरलेलं असतं. तो हात लांबवत मध्यरेषेकडे सरकत असतो. बोटं रेषेपासून वीतभर अंतरावर असतात, मग चार बोटांवर येतात आणि नेमक्या त्याच क्षणी शिट्टी वाजते.

त्यानंतरचा सामना मैदानाबाहेर रंगतो.

"बोट लागलंय! शिट्टीच्या आधी लागलंय."

"कुठनं बघितलंस तू? तू तर पलीकडच्या कोपऱ्यात हुतास."

"तीस सेकंद कवाच संपल्यात. पंचानं शिट्टी उशिरा मारली."

"उशिरा मारली असंल तर तेवढा वेळ त्याला जास्तच मिळाला की!"

चहाच्या गाड्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दुसऱ्या दिवशी एसटीत हा वाद चालू राहतो. बाहेरच्याला तो नुसता आरडाओरडा वाटेल. नीट ऐकलं तर त्यात चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. पहिला, घडलं काय, म्हणजे बोट रेषेला लागलं का? दुसरा, ते घडलं कधी? तिसरा, वेळ संपली असं कशावरून धरायचं, घड्याळावरून की शिट्टीवरून, आणि ते ठरवायचं कुणी? आणि चौथा, अशा वेळी नियम काय सांगतो?

जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर शेवटच्या सेकंदावरून जे वाद झाले, ते याच चार प्रश्नांपैकी एखाद्यावर अडलेले आहेत. बास्केटबॉलमध्ये हा क्षण सर्वांत ठळक दिसतो. घड्याळ शून्याकडे धावत असतं, चेंडू हातातून सुटतो, बझर वाजतो आणि चेंडू जाळीतून खाली येतो. तो गुण धरायचा की नाही, यावर ऑलिम्पिकचं सुवर्णपदक फिरलेलं आहे. पण हा शेवटचा सेकंद खेळात आला कुठून, हे समजून घ्यायला आपल्या मातीतून सुरुवात केलेली बरी.

श्वासाचं घड्याळ

जुन्या हुतूतूत चढाईची वेळ मोजायला घड्याळ लागत नव्हतं. चढाई करणारा एका दमात शब्द घोकत जायचा आणि दम तुटला की त्याची चढाई संपायची. वेळ त्याच्याच छातीत असायची. पंचानं कान लावून फक्त एवढंच ऐकायचं की घोक अखंड आहे का. ज्याची छाती मोठी त्याची चढाई लांब. दम कधी तुटला यावर वाद होत असत, पण तुटलेला दम बहुतेक वेळा भोवती बसलेल्या प्रत्येकाला ऐकू यायचा.

कुस्तीचंही तसंच होतं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेलं खासबाग मैदान 1912 मध्ये पूर्ण झालं. मधोमध लाल मातीचा हौद आणि सभोवती गोलाकार, उतरती बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौदातली पकड दिसावी, अशी ती रचना आहे. तिथली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची. पाठ मातीला लागली की कुस्ती झाली. घड्याळ नव्हतं, गुणफलक नव्हता आणि म्हणूनच 'शेवटचा सेकंद' नावाची गोष्टही नव्हती.

हे लक्षात घेण्यासारखं आहे. शेवटचा सेकंद निसर्गात नसतो, तो घड्याळानं जन्माला घातला. दम तुटणं, पाठ टेकणं हे शरीरातून येणारे शेवट आहेत. चाळीस मिनिटं झाली म्हणून सामना संपणं हा माणसांनी आपसात केलेला करार आहे. करार आला की तो वाचायचा कसा, हा प्रश्नही आलाच.

घड्याळ कशासाठी आणलं?

मग माणसांनी हा करार केलाच का? याचं एक सुंदर उत्तर बास्केटबॉलच्या इतिहासात आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्सनं मिनियापोलिस लेकर्सला 19–18 असं हरवलं. आघाडी घेतली की चेंडू आपल्याकडेच खेळवत ठेवायचा आणि वेळ काढायचा, असा तो खेळ होता. प्रेक्षक कंटाळले. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशोब मांडला. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बास्केटकडे चेंडू मारतात. 2880 ला 120 नं भागलं की 24 येतात. म्हणून 1954–55 च्या मोसमापासून चेंडू हाती आल्यावर 24 सेकंदांत फेक केलीच पाहिजे, असा नियम आला आणि खेळ एकदम जिवंत झाला.

कबड्डीनं हाच प्रवास केला. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ झाली. जगासमोर जाताना तिचा वेळ बांधून घ्यावा लागला. आज पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत होतो आणि चढाई 30 सेकंदांची असते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. 'कबड्डी, कबड्डी' हा घोक अजून आहे, पण त्याच्या जोडीला आता घड्याळ आलं आहे. श्वास तुटण्याआधीच वेळ संपू शकते.

घड्याळानं खेळाला गती दिली. वादही दिले, आणि तेही अगदी बारीक.

हातातून सुटलेला चेंडू, अर्ध्यावरची चढाई

वेळ संपताना जे अर्धवट घडत असतं त्याचं काय करायचं, हा प्रत्येक खेळापुढचा पेच. बास्केटबॉलनं ठरवलं की बझर वाजण्याआधी चेंडू हातातून सुटला असेल तर त्याला हवेतून जाऊ द्यायचं. जाळीत पडला तर गुण धरायचा, मग घड्याळावर शून्य असलं तरी चालेल. कबड्डीनंही आपल्या परीनं तसंच ठरवलं. डावाची वेळ संपली तरी चालू असलेली शेवटची चढाई पूर्ण होऊ द्यायची. सुरू झालेली हालचाल मध्येच तोडायची नाही, हा न्याय दोन्हीकडे एकच आहे. तीस सेकंदांची मर्यादा मात्र त्या शेवटच्या चढाईलाही लागू असते. म्हणून आपल्या यात्रेतल्या पोराचं बोट आणि शिट्टी यांचा वाद मिटत नाही.

चेंडू 'आधी' सुटला का, हे डोळ्यांनी ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. बास्केटबॉलचं मैदान 28 मीटर लांब असतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे मैदानाच्या एका टोकाला वाजलेला बझर दुसऱ्या टोकाला सुमारे 0.08 सेकंद उशिरा ऐकू येतो. दिसलेल्या गोष्टीला हातानं प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. शिट्टी मारणारा पंच कितीही तरबेज असला तरी त्याच्या शरीराचा हा हिशोब चुकत नाही. शिवाय डोळा एका वेळी एकाच जागी नेमका बघतो. चढाई करणाऱ्याच्या बोटांवर नजर असेल तर घड्याळ दिसत नाही आणि घड्याळावर असेल तर बोटं दिसत नाहीत.

म्हणून बास्केटबॉलनं बोर्डाच्या कडेला लाल दिवे लावले. वेळ संपताच ते पेटतात. प्रकाशाला उशीर होत नाही, आणि कॅमेऱ्याच्या एकाच चित्रात चेंडू, हात आणि दिवा तिन्ही सापडतात. दिवा पेटलेल्या पहिल्या चित्रात चेंडू हाताला चिकटलेला असेल तर गुण बाद. एवढं करूनही एक फट उरतेच. सेकंदाला 25 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये 0.04 सेकंदाचं अंतर असतं. लांबून मारलेला चेंडू हातातून सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं सुटतो. म्हणजे तेवढ्या वेळात तो फूटभराहून जास्त पुढे गेलेला असतो. यंत्रानं वाद मिटवला नाही, त्याची जागा फक्त लहान केली.

घड्याळ सुरू कधी करायचं, यावरूनही एक नियम जन्मला. 15 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यूयॉर्क निक्स आणि शिकागो बुल्स बरोबरीत होते आणि घड्याळावर फक्त 0.1 सेकंद उरला होता. बाहेरून आलेला चेंडू ट्रेंट टकरनं पकडला, वळला, मारला आणि तीन गुण मिळवले. निक्स 109–106 नं जिंकले. चेंडू पकडून, वळून मारायला इतका कमी वेळ पुरणं शक्यच नाही, हे कुणालाही पटेल. पण घड्याळ चालू करणारा माणूसच होता. पुढच्या मोसमापासून लीगनं नियम केला की 0.3 सेकंदाहून कमी वेळ असेल तर चेंडू पकडून मारता येणार नाही, हवेतच बोटांनी ढकलून किंवा थेट बास्केटमध्ये घालूनच गुण मिळवता येईल. शरीराला काय शक्य आहे याची मर्यादा नियमात लिहिली गेली.

एकच तीन सेकंद, तीन वेळा

तिसरा प्रश्न होता, वेळ संपली हे ठरवायचं कुणी? याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्युनिकचं आहे.

1972 च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. 9 सप्टेंबरच्या रात्री उशिरा सुरू झालेला सामना 10 तारखेच्या पहाटेपर्यंत गेला. अमेरिका त्याआधी ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा एकही सामना हरली नव्हती. तीन सेकंद उरलेले असताना सोव्हिएत 49–48 असे पुढे होते. डग कॉलिन्सला धडक बसली आणि दोन फ्री थ्रो मिळाले. त्यानं दोन्ही घातले. अमेरिका 50–49.

इथून पुढे गोंधळ सुरू झाला. सोव्हिएत संघानं आपण टाइम आउट मागितला होता, असा दावा केला. चेंडू खेळात आला, आरडाओरडा झाला आणि एक सेकंद उरलेला असताना खेळ थांबला. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळावर पुन्हा तीन सेकंद लावायला सांगितलं. चालू सामन्यात असा हुकूम द्यायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्यांदा खेळ सुरू झाला तेव्हा घड्याळ नीट लावून व्हायचंच होतं. बझर वाजला, अमेरिकी खेळाडू एकमेकांना मिठ्या मारू लागले. मग सांगण्यात आलं की हेही धरायचं नाही, तीन सेकंद पुन्हा. तिसऱ्या वेळी इवान एडेश्कोनं मैदानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, अलेक्झांडर बेलोवनं तो झेलला आणि बास्केटमध्ये घातला. 51–50.

ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रकावर सही करायला नकार दिला. अमेरिकेच्या अपिलावर पाच जणांच्या समितीनं तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कायम ठेवला. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत आणि अजूनही ती घेतलेली नाहीत.

या सामन्यातला मुख्य वाद बेलोवच्या हाताबद्दल नव्हता. तो चेंडू जाळीत गेला, हे सगळ्यांनी पाहिलं. तीन सेकंद परत लावायचे का, हे ज्यांच्या हाती असायला हवं होतं, त्यांच्या हातातून तो निर्णय निसटला. तिथेच विश्वास गेला. पन्नास वर्षं उलटली तरी तो वाद थंड झाला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

पासष्ट सेकंदांसाठी तासभर

चौथा प्रश्न नियमाचा. त्याचा धडा भारतीय कबड्डीनं 7 ऑक्टोबर 2023 ला चीनमधल्या हांगझोऊत घेतला. त्याच दिवशी महिला संघानं चिनी तैपेईला 26–25 असं एका गुणानं हरवून सुवर्णपदक मिळवलं होतं आणि ते त्या आशियाई स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं होतं. मग पुरुषांचा अंतिम सामना इराणशी झाला. हाच इराण 2018 मध्ये जकार्तात भारताला उपांत्य सामन्यात हरवून गेला होता.

गुणफलक 28–28. उरलेला वेळ एक मिनिटाच्या थोडा वर. कर्णधार पवन सेहरावत गुण आणावाच लागणाऱ्या चढाईवर गेला. कुणालाही स्पर्श न होता त्याचा पाय लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत गेला. स्पर्श झाल्याशिवाय लॉबीत गेलेला चढाईपटू बाद असतो. पण त्याच्यामागून इराणचे क्षेत्ररक्षकही लॉबीत शिरले होते. आता काय?

जुन्या नियमाप्रमाणे स्पर्शाविना लॉबीत उतरलेले क्षेत्ररक्षकही बाद, म्हणजे भारताला चार गुण आणि इराणला एक. प्रो कबड्डीत रुळलेल्या नव्या पद्धतीप्रमाणे चढाईपटू लॉबीत गेला तिथेच खेळ थांबला, म्हणजे मागून शिरलेल्यांचे गुण धरायचे नाहीत. पंचांचा निर्णय एकदा इकडे झुकला, एकदा तिकडे. एका बाजूचे खेळाडू मैदानात ठाण मांडून बसले, मग दुसऱ्या बाजूचे. सामना जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारताला चार आणि इराणला एक गुण मिळाला आणि सामना 33–29 असा भारतानं जिंकला.

त्या रात्री आपण सगळ्यांनी आनंद केला आणि तो रास्तच होता. तरी कबड्डी मनापासून आवडणाऱ्या माणसाला त्या तासाभराची सल राहायलाच हवी. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. कोणाचा पाय कुठे होता, यावर दुमत नव्हतं. नव्हतं ते फक्त सामन्याच्या आधी सगळ्यांना सारखंच माहीत असलेलं एक वाक्य: या सामन्याला कोणता नियम लागू आहे?

नियम असतो, पण तो मागणारं कुणी नसतं, असंही घडतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले आणि याच मातीत तयार झाले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या निवडीत त्यांना डावललं गेलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, निरंजन दास यांच्याशी कुस्ती पुन्हा लावली गेली आणि खाशाबांनी ती चितपट जिंकली. प्रवासाच्या पैशांसाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामदबेयोवसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो मागायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या शरीरानं खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. निवडीच्या वेळी दाद मागता आली म्हणून ते हेलसिंकीला पोचले. हेलसिंकीत दाद मागता आली नाही. एकाच माणसाच्या एकाच वर्षात या दोन्ही गोष्टी घडल्या.

खांदा टेकला का?

आणि सर्वांत साधा वाटणारा पहिला प्रश्न: घडलं काय? 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ आणि दोन वेळचा महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे लढत होते. पंचांनी पृथ्वीराजला चितपट विजयी दिलं. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत बघा. राग अनावर झाला आणि त्यानं पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनंही निर्णयावर हरकत घेतली आणि काही सेकंद उरलेले असताना मैदान सोडलं. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली.

पंचावर हात किंवा पाय उचलणं कुठल्याही कारणानं माफ होत नाही. खेळ पंचाच्या सुरक्षिततेवर उभा असतो. त्याच वेळी मल्लाच्या मागणीचाही नीट विचार केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत गुणांच्या निर्णयावर प्रशिक्षकाला आव्हान देता येतं. मात्र चितपटीवर आव्हान नसतं. त्यामागचं कारण असं की चितपट एकट्या पंचानं द्यायचीच नसते, गादीप्रमुखानं तिला दुजोरा दिल्यावरच ती होते. म्हणजे तपासणी निर्णयाच्या नंतर ठेवलेली नाही, निर्णयातच बसवलेली आहे. ती तपासणी झाली आणि ती कशी झाली, हे मल्लाला आणि बैठकीतल्या माणसाला दिसायला हवं. ते दिसलं नाही की गावागावांतल्या तालमींत आठवडाभर एकच चित्रफीत थांबवून थांबवून बघितली जाते, आणि त्या वेळी तसंच झालं.

आपण काय बघतो?

एकच चित्रफीत बघून दोन माणसं दोन गोष्टी का सांगतात? अमेरिकेत 1951 साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक अतिशय आडदांड सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी 4.3 नियमभंग दिसले. त्याच संघाचे, त्याच फिल्ममधले नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना सरासरी 9.8 दिसले. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कुणी खोटं बोललं नव्हतं. आपल्या माणसांवर जीव असला की डोळाही त्यांच्या बाजूनं बसतो.

म्हणून चहाच्या गाड्यावर कुणी "मी बघितलंय" म्हणतो तेव्हा मी त्याला खोटा ठरवत नाही. त्यानं खरंच बघितलेलं असतं. मैदानाच्या ज्या बाजूला तो उभा होता तिथून, आणि मनाच्या ज्या बाजूला तो उभा होता तिथूनही. हाच माणूस पंच झाला तर त्याला दोन्ही बाजूंकडून एकदम बघावं लागतं आणि तेही अर्ध्या सेकंदात.

पंचाच्या या अडचणीत क्रिकेटनं टीव्हीची मदत घेतली. 14 नोव्हेंबर 1992 ला डर्बनमध्ये सचिन तेंडुलकर धावबाद झाला. टीव्हीवर बघून तिसऱ्या पंचानं बाद दिलेला तो कसोटीतला पहिला फलंदाज. यंत्राच्या मदतीनं दिलेल्या पहिल्याच निर्णयाला मुंबईच्या एकोणीस वर्षांच्या मुलानं काहीही न बोलता पाठ फिरवून मान दिला. त्या शांततेत एक गोष्ट दडलेली होती: कसं बघायचं आणि कोण बघणार, हे मालिका सुरू होण्याआधीच ठरलेलं होतं.

यात्रेच्या मैदानात

आपल्या गावातल्या सामन्याला लाल दिवे आणि दहा कॅमेरे परवडणार नाहीत, आणि त्यांची सक्तीही नको. पण म्युनिक, हांगझोऊ आणि अहिल्यानगरनं जे शिकवलं, त्यातलं बरंच काही फुकट करता येतं. नाणेफेकीच्या वेळी पंचांनी दोन्ही कर्णधारांना समोर बोलावून माईकवरून तीन गोष्टी सांगाव्यात. वेळ शिट्टीवर संपणार की घड्याळाच्या बझरवर? घड्याळ कुणाच्या हाती असेल? लॉबीचा कोणता नियम आज चालेल? शक्य असेल तिथे आकडे दाखवणारं मोठं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं टांगावं. मध्यरेषेवर एका पंचानं फक्त रेषाच बघावी आणि वेळ दुसऱ्यानं. निकाल देताना नुसता हात वर करू नये, कारणही सांगावं. "बोट लागलं, पण बझरनंतर" एवढं एक वाक्य ऐकलं की निम्मी माणसं शांत होतात, कारण आता त्यांना कळतं की वाद घालायचा तो नेमका कशावर.

खासबागेची बैठक गोल आणि उतरती बांधली ती यासाठीच. चितपट झालेली पाठ शेवटच्या रांगेतल्या माणसालाही स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी. नियम आणि घड्याळ हेही असेच सगळ्यांसमोर ठेवता येतात.

यात्रेतल्या त्या पोराचं बोट शिट्टीच्या आधी लागलं की नंतर, हे कदाचित कुणालाच कधी ठामपणे सांगता येणार नाही. दोन क्षणांमधली फट कुठेतरी उरणारच. तो मात्र उठून अंगावरची माती झाडतो आणि पंचाकडे बघतो. पंचाचं बोट ज्या बाजूला वळेल तिकडे तो मान हलवून आपल्या कोर्टात परत जाऊ शकला, तर त्या मैदानावर वेळ बरोबर मोजली गेली असं मी म्हणेन.